दार हळू लावा

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. बायको मुलीला घेऊन तिच्या भावाकडे राहायला गेली आहे. जाताना म्हणाली, की तुमचा राग कागदावर काढा, भांड्यांवर नको. मुळात मला राग येत नाही. माझ्या माहितीत माझ्याइतका थंड डोक्याचा दुसरा माणूस नाही. हे मी तिला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, तरी पटेना. तेवढ्यात कुकर पडला. खिडकीतून पडला आणि खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला, त्यामुळे कुकरला काही झालं नाही. ही चांगली बाजू कुणी बघत नाही.

तिची अट अशी : तिचा भाऊ जेव्हा म्हणेल की दाजी आता निवळले, तेव्हा ती परत येणार. तोवर नाही. महिनाअखेरपर्यंत तसं झालं नाही तर मुलीचं नाव तिकडच्याच शाळेत घालणार, आणि एकदा घातलं की काढणार नाही. हा मेहुणा माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. म्हणजे परीक्षक दिवसभर डोळ्यांसमोर. उत्तमच. शांतपणा दाखवायला वेगळं कुठे जायला नको.

संकल्प : आवाज चढवायचा नाही, फेकाफेक नाही, कुणाच्या अंगावर जायचं नाही. जे मी आधीही कधी केलेलं नाही, तेच आता ठरवून करायचं नाही. सोपं आहे.

४ मार्च, मंगळवार

सकाळी कत्तलखाना. आमचं काम म्हणजे काचेच्या बशीत डुकरांचे गर्भ तयार करणं, आणि त्याची सुरुवात इथून होते. मारलेल्या डुकरिणींच्या ओव्हरी कोमट सलाइनच्या थर्मासमध्ये घालून लॅबमध्ये आणायच्या, सिरिंजने त्यांतली अंडी ओढून घ्यायची, दोन दिवस पिकवायची, मग नराच्या वीर्याबरोबर ठेवायची. गर्भ झाला तर आठवडाभर इन्क्युबेटरमध्ये वाढवायचा आणि फुगून तयार झाला की जिवंत डुकरिणीच्या पोटात सोडायचा. झाला तर. आजवर आमच्याकडे एकही फुगलेला नाही. मॅडम, म्हणजे आमच्या लॅबप्रमुख, म्हणतात की या कामाला हात हलका हवा. माझा हात हलकाच आहे.

कत्तलखान्यात मला फार बरं वाटतं. विजेचा चटका, साखळी, आकडा, गळ्यात सुरी, की गरम रक्ताची चिळकांडी थेट गटारात. मागचं डुक्कर हे बघून असं किंचाळतं की आपल्या दाढा हलतात. पण तिथे कुणी कुणाला निवळा म्हणत नाही.

मुकादमाने आज ओव्हरी थर्मासऐवजी गार पाण्याच्या बादलीत टाकल्या. गार पडल्या की आतली अंडी कामातून गेली. मी त्याला समजावून सांगितलं. समजावता समजावता बादली त्याच्या डोक्यावर उपडी झाली. त्याच्या हातात सुरी होती. ती त्याने शेजारच्याकडे धरायला दिली, म्हणजे माणूस सभ्य, आणि मोकळ्या झालेल्या हाताने माझ्या डोळ्यावर एक ठेवून दिली. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझे केस. दोघेही आतड्यांवरून घसरलो आणि बराच वेळ खालीच बोललो. शेवटी त्याने चांगल्या ओव्हरी दिल्या. नीट बोललं की कामं होतात.

मेहुण्याला सांगितलं, की थर्मासचं झाकण उडून डोळ्याला लागलं. त्याने थर्मास हातात घेऊन पाहिला. झाकण आट्यांचं आहे.

६ मार्च, गुरुवार

आज अंडी आणि स्पर्म यांची गाठ. डुकराच्या अंड्याची एक खोड आहे. एकाच अंड्यात एकाच वेळी पुष्कळ स्पर्म घुसतात आणि ते अंडं फुकट जातं. म्हणून मॅडम म्हणतात, स्पर्म कमी घाला. मी म्हणतो, जास्त घाला. घुसू दे, जुंपू दे, जो शेवटी उभा राहील तो खरा. मॅडम म्हणाल्या, की शेवटी कुणीच उभा राहत नाही, अडचणच ती आहे. बाईंना हिंमत नाही. अखेर कमी, मध्यम आणि माझे असे तीन प्रकार करायचं ठरलं.

७ मार्च, शुक्रवार

गर्भ बशीत मांडले. बशी म्हणजे पोषक द्रवाचे बारीक बारीक थेंब आणि वरून तेलाचा थर. प्रत्येक प्रकाराचा थेंब वेगळा. थेंब आपापल्या जागी राहिले तर ठीक. एकमेकांत मिसळले, तर कोण कुणाचा ते कळत नाही आणि सगळं ओतून द्यावं लागतं.

बशी इन्क्युबेटरमध्ये ठेवून मी दार लावलं. मेहुणा खुर्चीतून उडाला. म्हणाला, दाजी, जरा हळू. त्या दाराचं रबर सैल आहे, जोर लावल्याशिवाय बसत नाही, हे माझं जुनं मत. इतरांचं हळू लावूनही बसतं, ते त्यांचं नशीब. मी विषाची परीक्षा बघत नाही. नीट बसलं नसेल म्हणून उघडून परत एकदा लावलं.

घरी निघताना एकाने माझ्या गाडीपुढे गाडी आडवी लावून ठेवलेली. हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग त्याचा आरसा माझ्या हातात निघून आला. इतकी तकलादू गाडी लोक रस्त्यावर आणतात कशी? आरसा सोबत आणला आहे. भेटला की परत करीन. तोवर बेसिनवर दाढीला बरा पडेल, तिथला आरसा मागेच गेला.

१० मार्च, सोमवार

सकाळी बशी मायक्रोस्कोपखाली घेतली. कमी, मध्यम आणि माझे, सगळे एकाच डबक्यात. गर्भ एका कोपऱ्यात गोळा होऊन काळे पडलेले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी एक शब्द बोललो नाही. स्टूल बोललं. ते काचेच्या कपाटावर गेलं, कपाटातल्या बाटल्या खाली आल्या, आणि एका बाटलीची काच मॅडमच्या गालात घुसली. मी लगेच टिश्यू घेऊन धावलो तर त्या भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकल्या. चांगुलपणाला किंमत नाही.

नंतर शांतपणे विचार केला. थेंब आपोआप हलत नाहीत. कुणीतरी बशी हलवतं. लॅबमध्ये आम्ही तिघं. मॅडमना त्यात काय मिळणार? मी तर मीच. उरला मेहुणा. त्याला काय हवं आहे, तर मी चिडावं. मी चिडलो की त्याची बहीण त्याच्याकडेच राहणार आणि त्याला दोन वेळचं गरम गरम आयतं ताटात. साळसूद चेहऱ्याची माणसं अशीच असतात.

संकल्प : चिडायचं नाही. आधी पुरावा गोळा करायचा, मग चिडायचं.

११ मार्च, मंगळवार

मॅडमनी इन्क्युबेटरवर कागद चिकटवला आहे : दार हळू लावा. बरं झालं, मेहुण्याला कुणीतरी बोलायलाच हवं होतं. कागदाचा एक कोपरा सुटत होता, तो मी मुठीने ठोकून पक्का केला. आत काहीतरी खळकन वाजलं.

संध्याकाळी बायकोला फोन. सांगितलं, की आठवडाभरात मी साधा आवाजही चढवलेला नाही. ती म्हणाली, मॅडमच्या गालाला टाके किती पडले? म्हणजे मेहुणा घरी जाऊन सगळं ओकतो. मी म्हटलं, मुलीला फोन दे. ती म्हणाली, झोपली. बाहेर अजून ऊन होतं.

फोन ठेवला. भिंतीवर ठेवला. स्क्रीनला तडा गेला आहे, पण अक्षरं दिसतात.

१४ मार्च, शुक्रवार

नवी खेप. काल अंडी सोलायचं काम मी मागून घेतलं. अंड्याभोवती पेशींचं जाड आवरण असतं, ते बारीक पिपेटमधून अंडं वर-खाली करून उतरवायचं. मेहुणा हे करताना फुंकर घालतोय असं वाटतं. माझी पद्धत सरळ. दाबायचं आणि सोडायचं. बरीचशी फुटली. जी एवढ्याने फुटली ती पुढे काय टिकणार होती? उरलेल्यांचे गर्भ आज थेंबांत मांडले. ते माझ्यासारखे आहेत, चिवट.

आणि आता पहारा. इन्क्युबेटरसमोर खुर्ची टाकून बसलो आहे. जरा वेळ गेला की दार उघडून बघतो, बशी जागेवर आहे ना, आणि दार घट्ट लावतो. मेहुण्याला तिथे फिरकायचीही संधी नाही. दिवसभर त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. मनातली भीती अशी अंगावर दिसते.

१८ मार्च, मंगळवार

पुन्हा डबकं. एवढा पहारा ठेवून!

मेहुणा शेजारीच उभा होता आणि त्याने च्च केलं. त्या च्चमध्ये सगळं आलं. मी त्याला फक्त विचारलं, की का करतोस हे? विचारताना त्याची मान माझ्या काखेत होती आणि तोंड सेंट्रिफ्यूज यंत्राच्या झाकणाला टेकत होतं. वरचेवर टेकत होतं. झाकण लाल झालं, त्याचा एप्रन लाल झाला, माझ्या बाह्या लाल झाल्या. तेवढ्यात मॅडमनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं आणि सरळ माझ्या तोंडात फवारा सोडला. श्वास अडकला, डोळे चुरचुरले, मी पांढराफटक होऊन जमिनीवर बसलो. इतका हिंसाचार मी तरी आयुष्यात बघितला नव्हता. आणि तोही एका शिकलेल्या बाईकडून.

मेहुण्याचं नाक मोडलं. दवाखान्यात त्याच्याबरोबर मीच गेलो, शेवटी नातं आहे. तिथे तो म्हणाला, की दाजी, मी पोलिसांत जाणार नाही, तुम्ही भाचीचे वडील आहात. पण ताईशी खोटंही बोलणार नाही. आणि बशीला मी हात लावत नाही. तुम्ही दार आपटता, त्या धक्क्याने थेंब एकमेकांत जातात. नाकात बोळे असल्यामुळे बिचाऱ्याला काय म्हणायचं होतं ते काही मला नीट उमगलं नाही.

मॅडम म्हणाल्या, की पुढचं ठरेपर्यंत लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. आज सकाळीच आणलेली अंडी पिकायला ठेवलेली आहेत. परवा त्यांना ताजं वीर्य लागणार, आणि ते काढतो मेहुणा. तो तर नाक बांधून घरी. म्हणजे आता सगळी मदार कुणावर?

२० मार्च, गुरुवार

डाव्या कुशीवर पडून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या. डुकरांची शेड लॅबमध्ये येत नाही. सकाळी सरळ शेडवर गेलो. मनात आलं, वीर्याची बाटली नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवायची, न बोलता. मेहुणाही काय ते समजेल, आणि घरी जाऊन सांगेल.

आमच्या नराला सगळे नवरदेव म्हणतात. वजनाला तीन माणसांच्या तोडीचा. मेहुणा त्याच्या कानामागे खाजवतो, काहीतरी गुणगुणतो, मग नवरदेव आपणहून डुकरिणीच्या जागी ठेवलेल्या लाकडी घोडीवर चढतो आणि बाटली भरते. आत जाताना समोर फळी धरायची असा नियम आहे, अंगावर आला तर मध्ये घालायला. मी फळी घेतली नाही. फळी भित्र्यांसाठी. मी काठी घेतली.

नवरदेव घोडीला हुंगत बसला. मी त्याला जरा आटपायला सांगितलं, काठीने. त्याने मान वळवली. तोंडातून फेस गळत होता आणि जबडा कराकरा वाजत होता. मी आणखी एक हाणली, नाकाडावर. मग तो आला. खालून वर असा सुळा मारला की पँट आणि मांडी एकदमच उघडली. मी काठी घातली, त्याने काठीचे तुकडे केले. मी बादली घातली, त्याने बादली चेपली. मला उचलून लोखंडी गजांवर आदळलं, खाली पाडलं, पुन्हा आदळलं. चिखल, रक्त, लेंड्या, काही कळेना. मी त्याच्या कानाचा चावा घेतला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शेवटी शेडवाल्याने मला पायाला धरून गजांखालून बाहेर ओढलं. नेमक्या त्याच पायाला.

स्ट्रेचरवर पडल्यापडल्या मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो, की मी अगदी शांत आहे.

नर्स म्हणाली, दुपारी माझ्या कुणा नातेवाइकाचा फोन आला होता चौकशीला, नाकातून बोलणारा. तो म्हणे शेडवरच होता. नवरदेवाने त्याला बाटली भरून दिली.

२३ मार्च, रविवार, हॉस्पिटल

मांडीला आतून-बाहेरून टाके. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरतो. काल त्याला हळूच सुचवलं, तर सलाइनचा स्टँड त्याच्या खाटेवर आडवा झाला. मग वॉर्डबॉय आला, त्याच्याशी थोडी झटापट झाली, त्याचं मनगट मुरगळलं, माझे दोन टाके उसवले. हातांना विश्रांती मिळावी म्हणून नर्सने ते खाटेच्या दांड्यांना बांधून ठेवले होते. आज उजवा सोडला, म्हणून लिहितोय.

बायको येऊन गेली. कपडे आणले. दाराजवळची खुर्ची घेतली, खाटेजवळची रिकामी होती तरी. विचारलं, मुलीला का नाही आणलं? म्हणाली, हॉस्पिटलमध्ये मुलांना सोडत नाहीत. तेवढ्यात म्हाताऱ्याची दोन नातवंडं खाटेखालून पळत गेली. आम्ही दोघांनीही ती बघितली. मग ती उठली आणि गेली.

मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. उशी फाटली आहे, पण ती आधीच उसवलेली होती.

२७ मार्च, गुरुवार

विजय! मॅडमचा फोन. या खेपेचे थेंब जसेच्या तसे राहिले. एकही हलला नाही. आणि कमी स्पर्म घातलेल्या थेंबांत गर्भ फुगले, आत पोकळी, कडेने पेशींचं कडं, चित्रात दाखवतात तसे. त्यांतले चांगले निवडून आज डुकरिणीच्या पोटात सोडले. मॅडमचा आवाज रडवेला झाला होता. म्हणाल्या, की इतक्या दिवसांत पहिल्यांदा झालं. या आठवड्यात लॅबमध्ये काय वेगळं होतं, ते तुम्हीच विचार करून बघा.

केला विचार. वेगळं एकच होतं. माझं रक्त सांडलेलं बघून मेहुणा वरमला आणि त्याने बशी हलवणं सोडलं. म्हणजे हे गर्भ माझ्या मांडीने झाले. मॅडमना तसं सांगितलं. फोन कट झाला. तडा गेल्यापासून असं होतं.

२९ मार्च, शनिवार

घरी सोडलं. वाटेत ऑफिसला जाऊन आलो. मॅडमनी लॅबची किल्ली काढून घेतली आणि मला खरेदी विभागात टाकलं. दुसरी इमारत, तळमजला. स्वतंत्र टेबल, डुकरं नाहीत, मेहुणा नाही. ही बढतीच म्हणायची. त्या खोलीला दार नाही, पडदा आहे.

उद्या मेहुण्याकडे जाणार. गर्भ झाले, सगळं मार्गी लागलं, आता त्याच्या तोंडून तेवढा एक शब्द वदवून घ्यायचा आणि दोघींना घेऊन यायचं. परवा महिना संपतो. घर आवरलं. फुटलेलं होतं ते सगळं बाहेर काढलं. घर एकदम मोकळं दिसायला लागलं आहे, कप एकच उरला.

३० मार्च, रविवार

कुबडी टेकत मेहुण्याचा जिना चढलो. अर्ध्या जिन्यातच एका पोरीचा आवाज यायला लागला. घसा फाडून काहीतरी गोष्ट सांगत होती. मध्येच शाळेतल्या बाईंची नक्कल, मध्येच गाणं, तेही बेसूर. कुणी तिला दुरुस्त करायला गेलं तर दरडावत होती, की मध्ये बोलू नका, मी सांगतेय ना! मग स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली, इतकी हसली, की तिला उचकी लागली. मला पायरीवर उभ्या उभ्या हसू आलं. काय आगाऊ कार्टी आहे, म्हटलं. शेजाऱ्यांची असणार. आमची तशी नाही. आमची शांत, माझ्यावर गेली आहे. मी घरात असलो की ती आहे की नाही तेही कळत नाही. काही विचारलं तर मान हलवते. वाटलं, आमचीची हिच्याशी मैत्री झाली तर बरं होईल, जरा बोलायला शिकेल.

बेल वाजवली. आवाज मधल्या मध्ये तुटला.

बायकोने दार उघडलं. आत मेहुणा, नाकावर पट्टी. सतरंजीवर आमची मुलगी, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. मी विचारलं, की ती दुसरी मुलगी कुठे गेली? मी गॅलरीत डोकावून पाहिलं. आतल्या खोलीत पाहिलं. तेवढ्यात मुलीला उचकी आली. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मांडी फाटली तेव्हाही इतकं दुखलं नव्हतं.

मेहुणा बहिणीला म्हणाला, की ताई, मला वाटतं दाजी आता निवळलेत. ज्यासाठी मी महिनाभर धडपडलो, ते त्याने असं न मागता देऊन टाकलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, शाळा इथून जवळ आहे का? ती म्हणाली, हो, कोपऱ्यावरच आहे. मी म्हणालो, मग उद्या नाव घालून टाक. बसा म्हणाली. मी बसलो नाही.

खाली उतरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकलो. वर बराच वेळ काहीच नाही. मग तिचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधी हळू, मग मोठा. काय सांगत होती ते इतक्या खालून कळलं नाही.